वेअरवुल्फमधला 'वेअर' कोण?

स्वाती (बी-४०३): आमचे चिरंजीव सध्या जादू-राक्षसांच्या कादंबऱ्यांत बुडालेत. विचारतो, वेअरवुल्फ (लांडग्याचं रूप घेणारा माणूस) यातलं 'वुल्फ' म्हणजे लांडगा हे कळलं, 'वेअर' म्हणजे काय? 🙏

मंदार (ए-१०२): वेअर म्हणजे घालणे. लांडग्याचं कातडं घालणारा माणूस.

जोशी सर (सी-२०१): मंदार, कातडं पांघरण्याच्या कथा आहेत, पण शब्द तिथून आला नाही. जुन्या इंग्रजीत 'वेर' म्हणजे पुरुष. वेर अधिक वुल्फ. लॅटिन 'विर' आणि आपला 'वीर' ही त्याच 'वेर'ची भावंडं.

स्वाती: आपला वीर?? 😮

जोशी सर: हो! आणि वुल्फ तरी कुठे परका आहे? संस्कृत 'वृक' त्याच मुळातला. गीतेच्या पहिल्या अध्यायात 'भीमकर्मा वृकोदरः' येतं ना, तो लांडग्याच्या पोटाचा भीम.

सुलभाकाकू (ए-३०१): वा सर! रोज म्हणते मी तो श्लोक. वेअरवुल्फ हा शब्द किती जुना हो?

जोशी सर: लिखित पुरावा साधारण १०२० च्या सुमाराचा. इंग्लंडवर डेन्मार्कच्या कन्यूट राजाचं राज्य होतं. त्याचे कायदे यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन यांनी लिहिले. त्यात म्हटलंय की बिशप हे मेंढपाळ, त्यांनी कळप राखावा, नाहीतर पिसाळलेला वेअरवुल्फ लचके तोडेल. इथे वेअरवुल्फ म्हणजे सैतान. रूप पालटणारा माणूस नव्हे. आणि लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या नावातही वुल्फ आहेच, मला हे फार आवडतं.

मंदार: मग गेममधला वेअरटायगर?

जोशी सर: तो नंतरचा. एकटा 'वेर' तेराव्या शतकाच्या सुमारास बोलण्यातून गेला. अर्थ विसरल्यावर लोकांना 'वेअर' म्हणजेच रूप पालटणारा वाटू लागलं, मग तो हव्या त्या प्राण्याला जोडला. 'वर्ल्ड'मध्येही हाच वेर लपलाय, वेर आणि 'वय' अर्थाचा जुना शब्द मिळून 'माणसांचं युग'.

स्वाती: लेक विचारतोय, वेर पुरुष, तर मॅन कोण?

जोशी सर: शाब्बास त्याची! मॅन म्हणजे तेव्हा कोणीही माणूस, बाई किंवा पुरुष. बाईला 'वीफ' म्हणत, त्यावरून वाइफ. आणि वीफ-मन चं झालं वुमन. पुढे मॅनने वेरची जागा घेतली.