‘साधन’, ‘स्रोत’ की ‘पुरावा’?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावाचा इतिहास लिहिण्याचे काम आम्ही काही जणांनी हाती घेतले आहे. एका प्रकरणाला ‘इतिहासाची साधने’ असे नाव दिले, तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने ‘साधने’ हा शब्द जुना झाला असून आता ‘स्रोत’ म्हणावे, तसेच आमच्या पद्धतीला ‘आंतरविद्याशाखीय’ म्हणावे, असे सुचवले. आमच्याकडे मोडी कागद फार थोडे आहेत; बाकी आहेत ती सड्यावरची (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरची) कातळशिल्पे, खाजणाचे (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचे) बांध, देवळाबाहेरचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि वृद्धांच्या आठवणी. ह्या सर्वांना मिळून कोणता शब्द वापरावा?

उत्तर : ‘साधन’ सोडू नये. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या नावाने बावीस खंड प्रसिद्ध केले, त्यामुळे मराठीत ह्या शब्दाला इतिहासाचा अर्थ पक्का चिकटला आहे. ‘साध्’ धातूपासून आलेल्या ह्या शब्दात ‘ज्याच्या योगे काही साधायचे ते’ असा भाव आहे. कमरेच्या आकडीला अडकवलेला कोयता आपण होऊन कवळ (झाडाच्या पानांच्या डहाळ्या) तोडत नाही, तसा रुमालात बांधलेला कागदही आपण होऊन इतिहास सांगत नाही. तो कोणी तरी, काही प्रश्न मनात धरून, हाती घ्यावा लागतो. ‘स्रोत’ म्हणजे प्रवाह, आणि त्यात माहिती तयार होऊन वाहत येते, आपण फक्त ओंजळ धरायची, असे सुचते. ‘पुरावा’ हा कचेरीतला शब्द आहे. आधी दावा आणि मग पुरावा, हा क्रम खोतीच्या जमिनींवरून भाऊबंदकी पाहिलेल्या कोकणी माणसाला वेगळा सांगायला नको.

मात्र एक मान्य करावे लागते. राजवाड्यांच्या काळी ‘साधन’ म्हणजे मुख्यतः अस्सल पत्र, आणि त्याच कसोटीवर त्यांनी बखरींना फार कठोरपणे तपासले. तोच संशोधक १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ संपादित करतो आणि उत्तर कोकणात कोण कोठून येऊन वसले ह्याचा विचार करताना कुळांच्या व गावांच्या नावांकडे वळतो, ही मला मोठी बोलकी गोष्ट वाटते. युरोपातही असेच घडले. १८२४ मध्ये जर्मन इतिहासकार रांके यांनी ‘प्रत्यक्षात कसे घडले’ एवढेच दाखवण्याचा आग्रह धरला (आपल्या ‘इति ह आस’, म्हणजे ‘असे खरोखर होते’, ह्या व्युत्पत्तीच्या किती जवळचे!), पुढे १९२९ मध्ये मार्क ब्लॉक आणि ल्यूसियाँ फेव्र ह्या फ्रेंच इतिहासकारांनी ‘आनाल’ हे नियतकालिक काढून भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांना इतिहासाच्या ओटीवर आणून बसवले. ब्लॉक यांनी तर फ्रान्समधील शेतांच्या आकारांवरून ग्रामीण जीवनाचा इतिहास वाचला. तुमच्या खाजणाच्या बांधांना साधन म्हणण्यास ह्याहून वेगळा आधार नको.

‘आंतरविद्याशाखीय’ शब्द शुद्ध आहे, ‘आंतरराष्ट्रीय’सारखाच बनलेला आहे, पण दोन विद्यांची नावे शेजारी छापली की तो सार्थ होत नाही. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. चलनात फिरताना नाणे झिजते आणि त्याचे वजन घटते, हे ध्यानात घेऊन त्यांनी प्राचीन आहत (ठसे ठोकून बनवलेल्या) नाण्यांची वजने संख्याशास्त्राने तपासली. तेथे गणितामुळे नाणे साधन झाले. गणित नसते तर ते संग्रहातील वस्तूच राहिले असते. जेथे एक विद्या दुसरीच्या हाती नवे साधन देते तेथेच हा शब्द वापरावा, अन्यथा ‘बहुविद्याशाखीय’ पुरेसा आहे.

पुरवणी (अलिबागहून) : वरील मताशी मी सहमत आहे, फक्त कोकणापुरते थोडे जोडतो. आमच्या हवेत कागद टिकत नाही. चार महिन्यांचा पाऊस, वाळवी आणि खारा वारा ह्यांतून जे दप्तर वाचले ते माळ्यावरच्या पेटाऱ्यामुळे, त्यामुळे दगड आणि शब्द ह्यांच्याकडे वळणे ही येथे हौस नसून गरज आहे. जवळच अक्षीचा शिलालेख आहे. त्याचा काळ कोणी शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचतात, तर कोणी तो बराच पुढे नेतात. आणि हा वाद अक्षरांची वळणे, भाषेची रूपे आणि कालगणना अशा तीन विद्यांच्या सीमेवर चालतो.

प्रश्नकर्त्यांच्या यादीत मला एक साधन राहिलेले दिसते, ते म्हणजे गावातील जागांची नावे. राजापूर तालुक्यात ‘देवाचे गोठणे’ येथे सड्यावर कातळशिल्प आहे. गोठण म्हणजे गुरे विसावतात ती जागा, ‘गोस्थान’वरून आलेला शब्द. ह्या नावावरून शिल्पाचा काळ ठरणार नाही, आणि नावाची व शिल्पाची गाठ घाईने मारूही नये. परंतु त्या परिसरात गुरांची वर्दळ केव्हा तरी होती एवढे ते नाव सुचवते. तेव्हा प्रकरणाचे शीर्षक ‘इतिहासाची साधने’ असेच ठेवावे आणि त्यात वाडीवाडीतील शेतांची, पाणंदींची व पाणवठ्यांची नावे, उच्चारात जशी ऐकू येतात तशीच, लिहून घ्यावीत.