वाचता वाचता थांबावं लागलं, ते पान

पुस्तक आवडणं वेगळं आणि एखाद्या पानावर पुढे वाचताच न येणं वेगळं. मला त्या पानांबद्दल ऐकायचंय. कादंबरी असो, आत्मचरित्र असो. काही पुस्तकांचा शेवट सांगितल्याशिवाय बोलताच येणार नाही, तेव्हा ज्यांनी ती वाचली नसतील त्यांनी जपून वाचा.

सुरुवात मी करते. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं 'पाडस'. ज्योडीने जीव लावून वाढवलेलं हरणाचं पिल्लू मोठं होतं आणि शेतातले कोवळे कोंब खायला लागतं. कुंपण उंच केलं तरी उडी मारून आत येतं. त्या पिकावर घर जगणार असतं. बारा वर्षांची असताना वाचलं तेव्हा ज्योडीच्या आईवडिलांचा इतका राग आला होता की पुस्तक पालथं घालून ठेवलं. चाळिशीत पुन्हा वाचलं आणि अडले ती वडिलांपाशी. अंथरुणाला खिळलेला तो माणूस आपल्याच पोराला पिल्लू मारायला सांगतो. पिल्लाचं काय होणार हे मला ठाऊक होतं. त्या बापाचं काय होत असेल, ते मात्र पहिल्यांदाच दिसलं.

*

'श्यामची आई'चं नाव काढलं की लोक म्हणतात, फार रडकं पुस्तक. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत होतो.

माझी आई गेली तेव्हा मी प्रवासात होतो. फोन आला होता, निघालोही लगेच, पण पोचलो तेव्हा सगळं संपलेलं. काही महिन्यांनी कपाट आवरताना आईची प्रत हाती आली. श्यामही उशिराच पोचतो, हे मी पार विसरून गेलो होतो. त्या पानाशी आलो आणि पुस्तक मिटून ठेवलं. चार दिवस हात लावला नाही.

नंतर पहिल्यापासून सलग वाचलं. साने गुरुजींनी हे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं. पुस्तकात मात्र श्याम बेचाळीस रात्री बोलत राहतो. एकेक रात्र, एकेक आठवण. मला वाटलं, हा माणूस आईचं जाणं रोज एका रात्रीने पुढे ढकलतोय. असं खरं तर मीही करत होतो. आईबद्दल कुणी विचारलं की लहानपणचंच काहीतरी सांगायचो. शेवटच्या आठवड्याबद्दल अजून कुणाशी बोललेलो नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

*

वरचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. थोडक्यात सांगते. 'कोसला'तली मनी. तोवर पांडुरंग सांगवीकरच्या तऱ्हेवाईक बोलण्याला मी खळखळून हसत होते, आणि अचानक त्याची ही धाकटी बहीण देवीच्या रोगाने गेल्याचं येतं. मला धाकटी बहीण आहे. त्या रात्री विनाकारण तिला फोन केला.

*

माझा अनुभव वाचून दाखवण्याचा आहे. आजीचे डोळे अधू झाल्यावर मी तिला रोज तासभर 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवायचे. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वेड आलं की आजी तोंडाला पदर लावून हसायची. मग टिळकांच्या धर्मांतराचा भाग आला. 1895 साल. नवरा ख्रिस्ती झाला, बायको आपल्या माणसांत मागे राहिली, लेकरू पदरात. वाचताना माझाच आवाज बसला. आजी शांतपणे म्हणाली, "थांबू नकोस गं, ती थांबली का?"

तेव्हापासून मला लक्ष्मीबाईंची ताकद वेगळीच दिसते. त्या स्वतःच्या दुःखाजवळ घुटमळत नाहीत. सांगतात आणि पुढच्या गमतीकडे वळतात, आपण मात्र मागेच राहतो. 1936 साली त्या गेल्या तेव्हा लिखाण पुरं झालेलं नव्हतं, शेवटचा भाग मुलाने पूर्ण केला. आमचंही वाचन अपुरंच राहिलं. खूण म्हणून घातलेला कागद अजून तिथेच आहे, मी तो हलवत नाही.

*

मला पुस्तक वाचून रडू येत नाही, राग येतो. दया पवारांचं 'बलुतं' वाचताना तसंच झालं. पण बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ने रागाच्याही पलीकडे नेलं. ते पुस्तकरूपात आलं 1986 साली, पण त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी ती पानं घरच्यांपासून लपवून ठेवली होती. हे कळल्यावर मी पुस्तक पुन्हा उघडलं. इतकं लपवून लिहिलेल्यात तरी बाई स्वतःबद्दल भरभरून बोलेल असं वाटतं. त्या बोलतात अख्ख्या दलित समाजाबद्दल, आणि त्यातल्या बायकांबद्दल. भूक, बाळंतपणं, सासुरवास. 'मी' शोधत राहावा लागतो. तो न सापडणं हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

*

ॲन फ्रँकची डायरी मी लेकीसोबत वाचली. ती तेरा वर्षांची, आणि ॲनला डायरी मिळाली तीही तेराव्या वाढदिवसाला, 1942 साली. आई ओरडते, कुणी समजून घेत नाही, या तक्रारींवर लेक जोरजोरात मान डोलवायची. शेवटची नोंद 1 ऑगस्ट 1944 ची. तीन दिवसांनी त्या लपलेल्या आठही जणांना पकडून नेलं. लेकीने पान उलटलं आणि विचारलं, "बाबा, पुढची नोंद कुठाय?" मी पटकन उत्तर देऊ शकलो नाही. आठ जणांतले एकटे वडील परत आले, हे तिने स्वतःच मागच्या पानांवर वाचलं. मग येऊन माझ्या बाजूला बसली, काही बोलली नाही.

*

कुणीच 'बनगरवाडी' घेतलं नाही म्हणून लिहितो. माडगूळकर कुठेही आवाज चढवत नाहीत. दुष्काळ पडतो, माणसं आपापली मेंढरं घेऊन निघून जातात, शाळेत मुलंच उरत नाहीत. तरुण मास्तरही निघतो.

मी स्वतः शिक्षक. माझीही एक शाळा पटसंख्या घटत घटत बंद झाली. शेवटच्या दिवशी हजेरीपटावर तीन नावं होती. ती वाचताना तिघांनीही नेहमीपेक्षा मोठ्याने "हजर" म्हटलं होतं.