साक्षीत सांगण्यासारखं काही 'घडलं' नाही, तरी विश्वास वाढला: तुमचे अनुभव

मोहरीचा_दाणा:
रविवारी उपासनेत एका भावांनी साक्ष दिली. व्यसन होतं, एका रात्री गुडघे टेकले, सकाळी सुटलं. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घरी येताना ह्यांना पक्षाघात झाला ते वर्ष डोळ्यांसमोर आलं.

तेव्हा मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे. गीताला सगळे उठले की मीही उठायचे, पुस्तक उघडं, तोंड बंद. आशीर्वाद झाला रे झाला की "आता कसे आहेत?" असं कुणी विचारायच्या आत बाहेर. ह्यांचा उजवा हात आजही नीट चालत नाही. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकत होते, आणि मी मदतीला गेले की झिडकारायचे. मग मी शेजारी नुसती बसायला लागले. बटण काजापर्यंत यायचं, निसटायचं, पुन्हा यायचं. मनात एवढंच, 'प्रभू, हे एक लागू दे.' प्रार्थना म्हणावी असंही ते नव्हतं. केव्हातरी लक्षात आलं, अरे, मी परत बोलतेय त्याच्याशी. कधीपासून, ते नाही सांगता येणार.

बायबलमधल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौल लिहितो ना, संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. वाचायला एक ओळ. मधे किती वर्षं जातात ते काही त्याने लिहिलेलं नाही. तुमचंही असंच सावकाश झालं असेल तर लिहा. चमत्कारवाल्यांनी जरा दम धरा :)

रिकामा_वेळ:
नोकरी गेली तेव्हा रोज कुणी ना कुणी याकोबाचं पत्र पाठवायचं, परीक्षा आल्या की आनंद माना म्हणून. मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटायचा. आमचे पाळक घरी आले, उपदेश वगैरे काही नाही, स्तोत्र ८८ वाचलं आणि म्हणाले, बघ, हे अंधारातच संपतं. बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी स्तुती येते, याच्यात नाही. तरी पवित्र शास्त्रात, बायबलात, आहेच ना, कुणी गाळलं नाही. इतकं हायसं वाटलं मला! तोवर देवासमोर नीटनेटकंच बोलायचं अशी समजूत होती. पुढे नोकरी मिळाली, कमी पगाराची. पण तक्रार आधी वर करायची ही सवय राहिली. बायको म्हणते, त्यामुळे घरात जरा कमी करतोस.

खिडकीजवळ:
वहिनींना नमस्कार सांगा 😄 वाचतेय, रात्री सविस्तर लिहिते.

सातवा_बाक:
"जे होतं ते चांगल्यासाठीच" म्हणणाऱ्यांवर वेगळा धागा काढा कुणीतरी. बायबलमधल्या त्या दुःखी ईयोबाच्या मित्रांवर सगळे टीका करतात, पण ते आधी सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले होते. तेवढं तरी आज कोण बसतं? बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

रिकामा_वेळ:
@सातवा_बाक आणि शेवटी देवाने झापलं ते त्यांनाच! ईयोब एवढा भांडला, तरी माझ्याविषयी नीट बोलला तो हाच म्हणाला. ४२वा अध्याय.

रात्रपाळी:
ड्युटीवरून आले, डोळे मिटतायत, तरी लिहितेच. मला नैराश्य होतं. साधं वाईट वाटणं नव्हे, डॉक्टरांनी निदान केलेलं. प्रार्थना गटातल्या एका ताईंनी सांगितलं, गोळ्या घेतेस म्हणजे विश्वास कमी पडतोय. मी स्वतः नर्स, रोज दुसऱ्यांना गोळ्या देते, आणि माझ्या मात्र लपवून घ्यायला लागले. मग एकदा एलीया संदेष्ट्याची गोष्ट पुन्हा वाचली. कर्मेल डोंगरावर एवढा विजय झाला, आणि पुढच्याच अध्यायात हा माणूस झुडपाखाली बसून म्हणतो, प्रभू, पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत त्याला काय म्हणतो? विश्वास वाढव? नाही. ऊठ, खा. भाकर आणि पाणी. तो खातो, परत झोपतो. देवदूत परत उठवतो, परत खायला देतो. आधी झोप, जेवण, मग चाल, आणि देवाच्या त्या मंद वाणीचं सगळं त्याच्याही नंतर. माझ्या गोळ्या मी त्या भाकरीच्या जागी धरते. आता गोळ्या आणि शास्त्र एकाच खणात असतात. कुणी अशा अवस्थेत वाचत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नका, कृपा करून.

मोहरीचा_दाणा:
@रात्रपाळी बाई गं. झोप आधी. उरलेलं उद्या लिही.

अकरावी_ओळ:
आम्ही कॅथलिक, चालेल ना? वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा मला शब्दच सुचत नव्हते. रोझरीचे, म्हणजे जपमाळेचे, मणी नुसते सरकवायचो, किती झाले तेही कळायचं नाही. फादरना म्हटलं, ही काय प्रार्थना झाली? ते म्हणाले, शब्द तुझ्या आधीच्यांनी तयार करून ठेवलेत, तू फक्त धरून राहा. वडील गेले. त्यानंतर मिस्साच, म्हणजे चर्चमधली उपासनाच, सोडावी असं फार वाटलं. संत इग्नेशियस यांचा एक सल्ला तेव्हा कुणीतरी सांगितला: मन कोरडं पडलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. ते मुळात सैनिक, १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणावर पडून सगळं बदलत गेलं. म्हणजे तिथेही एका रात्रीत नाहीच. मी निर्णय पुढे ढकलत राहिलो. अजून ढकलतोय 😀

खिडकीजवळ:
मदर तेरेसांचंही तेच ना. त्या १९९७ ला गेल्या, २००७ मध्ये त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली, त्यात किती वर्षं देव जवळ वाटतच नव्हता ते लिहिलंय. लोकांना धक्का बसला. मला उलट धीर आला. वाटत नसताना रोज उठून रुग्णांपाशी जाणं, याला विश्वास नाही तर काय म्हणायचं?
माझं सविस्तर राहिलंच. गॅसवर दूध आहे.

काठावरचा:
मी मंडळी सोडून बरीच वर्षं झाली. नावापुरता ख्रिस्ती म्हणा. बाकीच्यांसारखं 'वाढलं' वगैरे काही नाही माझ्याकडे. फक्त मार्क ९ मधला तो बाप आवडतो, मुलाला घेऊन आलेला. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका म्हणतो. येशू त्याला आधी विश्वास पूर्ण करून ये म्हणत नाही, पोराला बरं करतो. बस, एवढंच. मला आमंत्रणं पाठवू नका.

सातवा_बाक:
नाही पाठवत. बसा निवांत.

पाठदुखी_जुनी:
पौलाच्या शरीरातला काटा म्हणजे नेमकं काय यावर आमच्या शास्त्राभ्यासात दोन गट आहेत. डोळ्यांचं दुखणं म्हणणारे आणि पाठीचं म्हणणारे. पाठीच्या गटात मी एकटाच. तीनदा विनंती केली त्याने, काटा काही निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच उत्तर. तरुणपणी मला हे उत्तर म्हणजे टाळाटाळ वाटायची. आता सकाळी पलंगावरून उठताना एका कुशीवर वळून थोडं थांबावं लागतं, तेव्हा तेवढंच वाक्य म्हणून उठतो. पाठ तशीच आहे. लोकांवर खेकसणं कमी झालंय, असं घरचे म्हणतात. त्यांनाच विचारा.

निळी_शाई:
आमचं बाळ गेलं. आठवा महिना. अजून त्यावर लिहवत नाही. सगळ्यांचं वाचतेय.

मोहरीचा_दाणा:
@निळी_शाई लिहू नकोस. नाव ठेवलं होतं का गं बाळाचं? वाटलं तर मला निरोपात कळव, त्या नावाने प्रार्थना करीन.

निळी_शाई:
ठेवलं होतं. पाठवते ताई.

अकरावी_ओळ:
🙏

पाठदुखी_जुनी:
जरा वेगळं विचारतो, मोठ्या अक्षरातलं शास्त्र कुणाकडे आहे का? चष्मा बदलला तरी तळटिपा दिसत नाहीत. मोबाइलवर वाचलं की मधेच कुणाचा तरी फोन येतो आणि मी गणनेच्या पुस्तकात जाऊन पडतो.

रिकामा_वेळ:
विमान मोड लावा काका. ॲपमध्ये अक्षरं मोठी होतात, सेटिंगमध्ये बघा. आणि तुमच्या शास्त्राभ्यासात डोळ्यांच्या गटाला सांगू नका, लगेच पुरावा मिळाला म्हणतील.

खिडकीजवळ:
😂😂 दूध उतू गेलं.

काठावरचा:
एलीयाचं ते कुठे आहे? झोप आणि भाकरवालं.

रात्रपाळी:
१ राजे १९. सुरुवातीपासून वाचा, मधूनच नको. झोप झाली माझी.