वडगाव (बेळगाव) : माडीवरच्या खोलीला एसी घ्यावा का?

वडगावची सून
खाली कापड विणायचा माग, वर आम्ही. खोली दहा बाय बाराची, डोक्यावर उघडा स्लॅब, पश्चिमेला खिडकी. तंतू वर येतात म्हणून जिन्याचं दार बंदच असतं. एप्रिलात रात्री अकराला गच्चीवर गार वारं सुटलेलं असतं, आणि खोलीत छताला हात लावला तर कढत! सासूबाईंना दमा आहे, त्यांचा डोळा लागत नाही. दुकानदार दीड टनाचा एसी घ्या म्हणतोय. मागाचं मीटर वेगळं आहे, घरचं बिल गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, शून्य येतं. दोनशे युनिट ओलांडले तर सगळंच भरावं लागेल. काय करावं?

खानापूर रोड
कूलर घ्या की वो ताई. वीज कमी लागते.

अनगोळचा मेकॅनिक
दम्याच्या माणसाजवळ कूलर नको. पॅड ओले राहून बुरशी धरतात, आणि जूनमध्ये पाऊस लागला की हवेतच एवढा दमटपणा असतो की कूलर गार करीत नाही.

ताई, एसी बसवणं हा माझा धंदा, तरी सांगतो, आधी गच्ची बघा. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो. आता एसी लावलात तर त्याची निम्मी ताकद स्लॅबशी झुंजण्यातच जाईल. गच्ची घासून धुवा आणि चुन्यात थोडा फेव्हिकॉल घालून दोन हात मारा. चुना पावसात जातो, म्हणून दर फेब्रुवारीत पुन्हा मारायचा. गळतीसाठी पत्रा घालायचा विचार असेल तर तो स्लॅबला टेकवू नका. माणूस उभा राहील एवढं अंतर सोडा आणि बाजू उघड्या ठेवा, म्हणजे मधली गरम हवा निघून जाते.

पश्चिमेच्या खिडकीला बांबूची चिक बाहेरून लावा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलंच. दुपारी खिडकी बंद, दिवस मावळला की उघडायची, आणि समोरच्या भिंतीत छताजवळ एक्झॉस्ट फॅन. आपल्याकडचं संध्याकाळचं पश्चिमेचं वारं फुकटचं आहे, ते आत ओढून घ्या. जिन्याचं दार मात्र बंदच हवं, नाहीतर तो फॅन खालचे तंतूच वर खेचेल.

निपाणीचे मास्तर
पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. दिवसाला दहा तास चालला तर एका पंख्यामागं महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. चार पंखे असतील तर पन्नासेक. दोनशेच्या काठावरच्या घराला हे फार मोठं आहे.

वडगावची सून
चुना याच रविवारी मारतो. तरीही मे महिन्यात एसी लागलाच तर दीड टनाचाच घ्यायचा?

अनगोळचा मेकॅनिक
एवढ्या खोलीला एक टन पुरे, पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी बघा, त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जोरात चालतो. २६ वर ठेवून पंखा हळू चालवा. तापमान एक अंश वर ठेवलं तर साधारण सहा टक्के वीज वाचते. आणि बाहेरचं युनिट मागाच्या खिडकीवर अजिबात बसवू देऊ नका. तुमच्याच भागात मी उघडलेल्या एका युनिटच्या कॉइलवर तंतूंचा घोंगडीसारखा थर होता, नखानं सोलून काढावा लागला. हवाच जात नव्हती, कॉम्प्रेसर तापून सारखा बंद पडायचा. पूर्वेची भिंत मोकळी असेल तर तिथं बसवा, आणि आतली जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा.