क्षयरोगाच्या रजेनंतर परतणाऱ्या कामगाराला कोणते काम द्यावे?

प्रश्न (कुपवाड, सांगली)
आमच्या फाउंड्रीत (धातू ओतून भाग बनवण्याच्या कारखान्यात) फेटलिंग विभागात, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या विभागात, ११ वर्षे काम करणारे एक कामगार फुफ्फुसाच्या क्षयरोगामुळे ५ महिने रजेवर होते व येत्या सोमवारी हजर होणार आहेत. प्रमाणपत्रावर डॉक्टरांनी ‘हलके काम द्यावे’ एवढेच लिहिले आहे. मी त्या विभागाचा सुपरवायझर आहे आणि फेटलिंगमध्ये हलके काम नसतेच. ग्राइंडर हातात घेतला की वजन आणि धूळ दोन्ही आलेच. शिवाय दोघा-तिघांनी ‘त्यांचा डबा आमच्याबरोबर नको’ असे मला येऊन सांगितले. त्यांचा मान राखून त्यांना कामावर कसे घ्यावे?

उत्तर १ (सातारा)
मी एका कारखान्यात कार्मिक विभाग सांभाळतो. त्यांना फेटलिंगला परत पाठवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, चिकटलेल्या वाळूत सिलिका असते, आणि ती बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेलेल्या माणसाला क्षयरोगाचा धोका इतरांहून अधिक असतो. म्हणून ज्या जागेने आजाराला वाट करून दिली असण्याची शक्यता आहे, तिथेच केवळ मास्क देऊन त्यांना उभे करणे मला योग्य वाटत नाही. स्टोअर किंवा गेज लावून मापे तपासण्याचे टेबल पाहा.

तुमच्या खात्यात ‘हलके’ म्हणजे काय, हे डॉक्टरांना माहीत नसते. किती किलो उचलावे, किती तास उभे राहावे, धूळ चालेल का, रात्रपाळी चालेल का, हे प्रश्न लिहून त्या कामगाराच्याच हाती डॉक्टरांकडे पाठवा.

पगाराचेही आधी ठरवा. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के मिळतो. क्षयरोग दीर्घ आजारांच्या यादीत असल्यामुळे पात्र कामगाराला त्यापुढे ८० टक्के दराने, जास्तीत जास्त २ वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. मात्र ज्या दिवशी काम केले, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. सुरुवातीला अर्धा दिवस बोलावून अर्धाच पगार दिलात, तर घरी बसण्यापेक्षाही त्यांच्या हाती कमी पैसे पडतील, आणि मग दम लागला तरी ते बोलणार नाहीत.

उत्तर २ (मिरज)
मी स्वतः या आजारातून उठून कामावर गेलो आहे. पहिल्याच दिवशी चहाच्या ट्रेमध्ये एका पेल्याला लाल रंगाचा ठिपका दिसला. तो माझा पेला होता. कोणी काही बोलले नाही, पण पुढचे ३ महिने मी कारखान्यात चहा घेतला नाही. हा आजार खोकल्या-शिंकण्यातून हवेमार्फत पसरतो, पेल्यातून किंवा डब्यातून नाही, आणि नियमित औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बहुतेक रुग्णांकडून संसर्गाचा धोका जवळजवळ संपतो. हे सोमवारच्या आधी सर्वांना सांगावे, शक्य असल्यास सरकारी आरोग्य केंद्रातील क्षयरोग कर्मचाऱ्याकडून, परंतु त्या कामगाराचे नाव न घेता. आजाराविषयी कोणाशी किती बोलायचे, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या.

प्रश्नकर्ता
आपण दोघांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. मापे तपासण्याच्या टेबलावर एक जागा आहे. पहिले ६ आठवडे दिवसपाळी आणि पूर्ण पगार, असे मॅनेजर साहेबांकडून लेखी घेतले आहे. रविवारी त्यांच्या घरी जाऊन ही जागा त्यांना चालेल का, हे विचारणार आहे. सोमवारी दुपारी माझा डबा मी त्यांच्या शेजारी उघडीन.