शेअर-वाय: 'ट्रू' की 'रो'?

पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये एकाच चित्रात अनेक आलेख-चौकटी (सबप्लॉट्स) काढण्याबद्दलच्या चर्चेत वर सुचवलंय की तुलना प्रामाणिक हवी तर शेअर-वाय डोळे झाकून 'ट्रू' करा, म्हणजे सगळ्या चौकटींना एकच उभा अक्ष द्या. सगळ्या चौकटींत एकच राशी (उदा. फक्त पाऊस) असेल तर शंभर टक्के मान्य. पण समजा जुन्नर, शिरूर, पुरंदर, बारामती अशा चार तालुक्यांचे चार स्तंभ आहेत, वरच्या ओळीत मासिक पाऊस मिलिमीटरमध्ये आणि खालच्या ओळीत विहिरीतल्या पाण्याची खोली मीटरमध्ये. इथे 'ट्रू' केलंत की खोलीची रेघ तळाशी चिकटून सपाट होते, मे आणि ऑक्टोबरमधला फरकच दिसेनासा होतो. आणि सगळा जीव त्या फरकातच आहे! इथे शेअर-वाय 'रो' (उभा अक्ष ओळीपुरता सामाईक) आणि शेअर-एक्स 'कॉल' (आडवा अक्ष स्तंभापुरता सामाईक) द्या. प्रत्येक ओळीला आपली पट्टी मिळते, महिने मात्र वर-खाली बरोबर जुळतात.

अजून कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: पाण्याची खोली जमिनीपासून खाली मोजतात, त्यामुळे तो अक्ष उलटा करावा लागतो. पण अशा जोडलेल्या अक्षांवर लूप फिरवून, म्हणजे एकेका चौकटीला, इन्व्हर्ट-वाय-अ‍ॅक्सिस लावू नका. ती आज्ञा दर वेळी आहे ती दिशा फिरवते, आणि अक्ष सामाईक असल्यामुळे अख्खी ओळ फिरते. चार तालुक्यांत चार वेळा फिरून अक्ष होता तसाच राहतो. एक तालुका काढला की तोच कोड अचानक बरोबर चालतो, म्हणून चूक शोधताना घाम फुटतो. ओळीतल्या एकाच चौकटीवर आज्ञा द्या, नाहीतर सेट-वाय-लिमला थेट २०, ० अशा उलट्या मर्यादा द्या. ते कितीही वेळा चाललं तरी बिघडत नाही.