आत्या गेल्यानंतरची पहिली दिवाळी : तिचं तबक, फराळाची वही आणि इरकली

शेवंती

नमस्कार. माझी आत्या फाल्गुनात गेली. ऐंशीच्या पुढची होती, फार दिवस अंथरुणाला खिळली नाही, एवढंच बरं म्हणायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर नाशिकला पंचवटीत दोन खोल्यांत एकटी राहायची.

आम्ही ठाण्याचे. भाऊबीजेला बाबा पहाटेच निघायचे आणि कसारा घाट चढून जेवायच्या वेळेला आत्याच्या दारात हजर. मला कळायला लागल्यापासून हा नेम चुकलेला मी पाहिला नाही. ओवाळणीचं पाकीट असायचंच, पण आत्याचा डोळा असायचा बाबांच्या पिशवीतल्या दिवाळी अंकांवर. पान वाढायच्या आधी ती एकेका अंकाची अनुक्रमणिका बघून घ्यायची. काय आधी वाचायचं ते तिथल्या तिथे ठरायचं.

खोल्या मालकांना परत द्यायच्या होत्या म्हणून उन्हाळ्यात आम्ही सगळं आवरलं. भांडीकुंडी शेजारच्यांना दिली, पुस्तकं शाळेला. माझ्याकडे तीन गोष्टी आल्या आणि दिवाळी जवळ आली तशी मी त्यांच्यापाशीच अडकले आहे.

पहिलं, ओवाळणीचं तबक. पितळेचं, काठाला एका बाजूने चेपलेलं. त्यात निरांजन, कुंकवाचा करंडा आणि एक सुपारी. आत्या दर वर्षी हीच सुपारी ओवाळायला घ्यायची. झालं की पदराने पुसून करंड्यात ठेवून द्यायची. इतक्या वर्षांच्या हळदकुंकवाने ती लालसर झाली आहे, हाताला अगदी गुळगुळीत लागते. एका अंगाला नखाएवढी खाच आहे. बाबा लहान असताना त्यांनी ती अडकित्त्यात धरली होती आणि आजीने वेळेवर हातातून काढून घेतली, त्याची ती खूण. म्हणजे सुपारी मुळात आजीच्या वेळची.

दुसरी, फराळाची वही. खाकी पुठ्ठ्याची, दोनशे पानी. नुसत्या कृती नाहीत, त्या त्या वर्षी काय झालं त्याचं टिपण आहे. ‘१९८८. भाजणी : तांदूळ ४, हरभरा डाळ २, उडीद १, मूग १. चकली तुटते. मोहन कमी.’ ‘१९९३. अनारसे हसले. पीठ सैल.’ एका पानावर नुसतं, ‘भाऊला शंकरपाळे जास्त गोड लागतात. त्याचे वेगळे करणे.’ शेवटच्या पानावरचं अक्षर थरथरलेलं आहे. ‘सगळे विकत आणले. चिवडा बरा.’

तिसऱ्या, तिच्या इरकली. शाळेत ती कायम इरकलच नेसायची. लाल पदर, त्यात पांढरे दातेरी पट्टे.

आता विचारायचं ते असं. भाऊबीजेला बाबांना कोण ओवाळणार? मी पाडव्याला ओवाळते, पण लेकीचं ओवाळणं वेगळं आणि बहिणीचं वेगळं. ते तबक त्या दिवशी बाहेर काढावं, की यंदा कपाटातच राहू द्यावं? वही काकांच्या इंदूरच्या मुलींनाही हवी आहे, आणि त्यांचा हक्क माझ्याइतकाच आहे. त्यातली धाकटी म्हणते, इरकली कापून सगळ्यांना एकेक गोधडी शिवू. माझा हात त्यावर कात्री चालवायला धजत नाही. तुमच्या घरात काय केलंत, ते वाचायचं आहे.

कृष्णाकाठ

शेवंती, मी सांगलीची, वयाने तुझ्या आत्याच्या जवळपास. म्हणून अगं-तुगं करते.

पहिल्या वर्षी आमच्याकडे तळणीची कढई चढवत नाहीत. भावकीतले आणि शेजारचे फराळाचे डबे आणून देतात. पण दिवा लावायचा नाही असं कुणी कधी सांगितलेलं मला आठवत नाही. अंगणात पणती लागलीच पाहिजे. डबे आणून देण्यामागे तोच तर भाव असतो.

भाऊबीजेचं म्हणशील तर तिचं दुसरं नाव यमद्वितीया. यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला तो हा दिवस. सणाच्या कथेतच मृत्यू दाराशी येऊन पाटावर बसलेला आहे आणि बहीण त्याला ओवाळते आहे. त्यामुळे या दिवशी गेलेल्या माणसाची आठवण काढली तर सणाला गालबोट लागतं, हे मला पटत नाही.

माझा एकुलता एक भाऊ गेला. भाऊ नसलेली बहीण चंद्राला ओवाळते, तशी मी गच्चीवर जाऊन ओवाळते. द्वितीयेची कोर फार वेळ थांबत नाही. सूर्य मावळला की पश्चिमेला दिसते आणि पाठोपाठ खाली जाते, म्हणून तबक आधीच तयार ठेवावं लागतं. त्या तबकात मी भावाचं एच.एम.टी.चं घड्याळ ठेवते. आदल्या रात्री चावी देते. सकाळपर्यंत चाललं की बरं वाटतं.

तुझ्या बाबांना चुलत, मामे, मावस, कुणी तरी बहीण असेलच. तिला विचार. आणि सुपारी तीच घे.

उंबरठा

कृष्णाकाठमावशींचं सगळं मान्य, फक्त एक वेगळा अनुभव लिहितो. आई गेल्यावरच्या पहिल्या लक्ष्मीपूजनाला माझ्या बहिणीने आईचा फोटो, तिची बांगडी, तिचा चष्मा असं सगळं चौरंगावर मांडलं. फार मायेने मांडलं होतं. वडिलांना काहीच माहीत नव्हतं. ते पूजेला आले, चष्मा बघितला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या रात्री जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच तो चष्मा देवघराशेजारी आणून ठेवला. म्हणजे वस्तूला त्यांचा विरोध नव्हता. एकदम समोर आली, ते झेपलं नाही. तबक काढायचं का, हे आम्हाला विचारण्याआधी बाबांना विचारा. तेही आधीच, चार दिवस मोकळे असताना. भाऊबीजेच्या सकाळी नको.

जुना_पेटारा

वहीबद्दल बोलतो. आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या कागदांचं काम बघतो, जमेल तसं.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’च्या अंकापासून, काशिनाथ रघुनाथ मित्रांपासून धरतात. शंभर वर्षं उलटून गेली. तेवढ्या काळात घराघरांतून किती अंक जमले आणि किती रद्दीत गेले, हे कपाटं उघडली की कळतं. हलका कागद आपोआपच पिवळा पडतो, मोडायला लागतो. त्यात ओल आणि कसर. वहीचंही तेच होईल, म्हणून आत्ताच लक्ष द्या.

लॅमिनेशन करू नका. लोक प्रेमापोटी करतात, पण ते प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, पुन्हा सोडवता येत नाही. फाटक्या पानाला सेलोटेपही नको, काही वर्षांत त्याचा तपकिरी डाग पडतो. टाचण्या किंवा स्टेपलरच्या पिना असतील तर हलक्या हाताने काढा, गंज कागद खातो. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, फ्लॅश न वापरता एकेका पानाचे फोटो घ्या. कोरी पानंसुद्धा घ्या, त्यांच्या कोपऱ्यात बरेचदा हिशेब सापडतात. तेलाचे डाग पुसायला जाऊ नका.

मग रंगीत प्रिंट काढून स्पायरल बांधून घ्या, जितकी भावंडं तितक्या प्रती. त्या स्वयंपाकघरात खुशाल वापरा, पिठाचे हात लागू देत. मूळ वही धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून भिंतीला न लागणाऱ्या फळीवर ठेवा.

आणि एक विनंती. प्रतींच्या शेवटी कोरी पानं जोडा. ‘चिवडा बरा’च्या पुढचं टिपण आता तुम्ही भावंडांनी लिहायचं आहे.

टाकाधागा

मी गोधड्या शिवते, आईकडून शिकले. शेवंतीताई, सगळ्या साड्या कापायच्या किंवा एकही कापायची नाही, असं का धरून बसायचं? एकेक उलगडून उजेडासमोर धरा. नेसून नेसून विरलेल्या, घडीवर चिरलेल्या असतील त्या बाजूला काढा. त्या तशाही नेसता येणार नाहीत, आणि विरलेलं सुतीच गोधडीला मऊ लागतं. चांगल्या असतील त्यांना हात लावू नका. त्या नेसा.

इरकलीत पदर रेशमी असतो आणि अंग बहुधा सुती. दोन्ही सरमिसळ करून शिवलं तर धुताना एक आटतं, दुसरं ताणतं. पदर वेगळा काढून ठेवा. गोधडीला अंगाचंच कापड घ्या, आत जुनं धोतर किंवा चादर, वरून धावदोरा. लाल पदराचा रंग सुटू शकतो, म्हणून आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा पुसून बघा. पदरांचं म्हणाल, तर माझ्या एका मावशीच्या पदराचं आम्ही चौरंगावरचं वस्त्र केलं. गौरी-गणपतीला आणि दिवाळीला तेच अंथरतो.

ज्या ठेवाल त्या हँगरला लटकवू नका. सुती कापडात बांधा, डांबराच्या गोळ्या थेट साडीला लागू देऊ नका आणि अधूनमधून घडी बदला. कायम एकाच घडीवर ठेवलेली साडी तिथेच चिरते.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा यांनी सांगितलं तसं आधी बाबांशी बोलले. जेवण झाल्यावर तबक त्यांच्यासमोर ठेवलं आणि सरळ विचारलं. त्यांनी करंडा उघडून सुपारी बाहेर काढली, खाच कुठल्या अंगाला आहे ते अंगठ्याने चाचपून बघितलं. बराच वेळ हातातच धरून होते. मग म्हणाले, “ही जायला हवी माझ्याबरोबर.” कुठे जायला, ते मला आधी कळलं नाही.

त्यांची मामेबहीण नाशिकरोडला असते. गुडघ्यांमुळे फार हिंडतफिरत नाही. बाबांनी तिला माझ्यासमोरच फोन लावला. तुला ठाण्याला न्यायला गाडी पाठवतो म्हणाले, तर ती म्हणाली, “मी कशाला येऊ? भाऊबीजेला भावाने यायचं असतं. तू ये. स्वयंपाक सूनबाई करेल, ओवाळेन मी.” फोन ठेवल्यावर बाबा आईला विचारायला लागले की यंदा अंक कुठले आलेत. तिला बारीक अक्षर वाचवत नाही, हे आईने सांगितलं. तर म्हणाले, मी वाचून दाखवीन.

तेव्हा तबक घाट चढून जाणार आहे. मीही बरोबर जाते आहे.

इंदूरच्या दोघींना जुना_पेटारा यांचा निरोप जसाच्या तसा पाठवला. प्रतींचं ठरलं. मूळ वही माझ्याकडे राहील, पण धाकटी म्हणाली की यंदाचं पहिलं टिपण ती लिहिणार. आमच्याकडे कढई चढणार नाही, पण तिच्या सासरी फराळ आहे. भाजणी वहीतल्याच प्रमाणाने करून बघणार आहे, मोहन वाढवून. साड्या अजून उजेडासमोर धरलेल्या नाहीत. ते ती आली की दोघी मिळून करू. आत्याच्या शाळेतल्या फोटोत जी आहे ती मात्र मी भाऊबीजेला नेसणार.

एक विचारायचं राहिलं. तबकाचा चेपलेला काठ सरळ करायला बाबा नको म्हणतात, तो तसाच ठेवते. पण निरांजनाची बैठक दांडीपासून सुटत आली आहे, हलते. पेटतं निरांजन घेऊन ओवाळायचं म्हणजे भीती वाटते. जुनं पितळ जोडून मिळतं का? नाशिकला मिळेल का?

कृष्णाकाठ

मिळतं. नाशिकच्या भांडी बाजारात चौकशी कर, जुन्या दुकानदारांना कारागीर ठाऊक असतात. नवं निरांजन घ्या म्हणतील, तू हेच जोडून हवं म्हणून सांग. आणि जायचं तर वसुबारसेच्या आधी जा. धनत्रयोदशीला भांड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा दुरुस्तीचं काम कुणी हातात धरत नाही.

बाबांना सांगलीच्या एका बहिणीचा नमस्कार सांग.